तीन रेघांचा पतंग

“भाऊ, हे दोन्ही एकच आहेत,” मी म्हणालो.

तडवीभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावर एनॅमलचा पांढरा ट्रे होता. त्यात दोन मेलेले पतंग शेजारी शेजारी ठेवलेले, करंगळीच्या नखाहून जरासे मोठे.

“एकच कसे?”

“पंख बघा ना. दोघांच्याही पंखावर तीन आडव्या रेघा आहेत. वळणंसुद्धा तीच.”

“रेघा गेल्या चुलीत. बारा वर्षं इन्सुलाना बघतोय मी.” त्यांनी चिमट्याचं टोक एका पतंगावर टेकवलं. “हा इन्सुलाना. आणि हा दुसरा कोण आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून तो अनोळखीच्या डबीत जातो. रंग तर बघशील की नाही?”

मी ट्रे जरासा तिरका करून रेघा परत पाहिल्या.

“बरं, मग तूच सांग. यातला हिरवा कुठला?”

त्यांनी सहज विचारलं होतं. मला मात्र नेमका तोच प्रश्न नको होता. केळुसकर मॅडम पलीकडच्या टेबलावर काचेच्या नळ्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. मी जिवाच्या करारावर डावीकडच्या पतंगावर बोट ठेवलं.

तडवीभाऊंनी चिमटा खाली ठेवला.

“वासुदेव,” ते हळू आवाजात म्हणाले, “तो वाळलेल्या गवताच्या रंगाचा आहे. हिरवा हा, उजवीकडचा.”

ही गोष्ट सत्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि दोन वर्षं जिवापाड लपवलेली गोष्ट अशी भर दुपारी ट्रेमध्ये उघडी पडली.

आम्ही भुसावळचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मालगाडीचे ड्रायव्हर. मीही इंजिनावर जायचं हे मी दहावीत असतानाच ठरलं होतं. लेखी परीक्षा पास झालो, तोंडी झाली, आणि रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात म्हणे. मला पहिल्या पानावरचा आकडा दिसला, पुढच्या एकाही पानावर दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, तुला तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही, जन्मापासूनच कळत नसणार, याला औषध नाही. तोवर मला वाटायचं की सगळ्यांनाच असंच दिसतं आणि लोक रंगांची नावं पाठ करतात.

अण्णांनी घरी येऊन डबा ठेवला, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. रागावले नाहीत. त्या दिवसापासून माझ्यापुढे रेल्वेचा विषय काढायचे मात्र बंद झाले. ज्यांचं सगळं आयुष्य त्या एका विषयात गेलं त्यांनी तो काढायचा नाही, म्हणजे मग आमच्यात बोलायला उरलंच काय?

पुढे ओळखीच्या एकाने जळगावच्या अलीकडे कापूस संशोधनाच्या एका केंद्रावर मला रोजंदारीवर लावून दिलं. काम पतंगांचं. भेंडीत आणि कापसाच्या बोंडात ठिपक्यांची अळी शिरते ना, तिचे पतंग. त्यांच्या दोन जाती. एकीचं नाव व्हिटेला, दुसरीचं इन्सुलाना. शास्त्रीय नावं लांबलचक होती, पण केंद्रावर शिपायापासून साहेबापर्यंत सगळे एवढंच म्हणायचे.

केळुसकर मॅडम मूळच्या वेंगुर्ल्याच्या. शिक्षण रसायनशास्त्राचं. पतंगाची मादी नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते, तो त्यांनी प्रयोगशाळेत तयार केला होता. रबराच्या बुचात तो वास भरायचा आणि बूच शेतातल्या सापळ्यात टांगायचं. त्या जातीचा नर मादी समजून येतो आणि सापळ्याच्या पिशवीत पडतो. इन्सुलानाच्या वासाला फक्त इन्सुलानाच यायला हवेत, तरच औषध कधी फवारायचं याचा अंदाज बांधता येतो. तीन वर्षं मॅडम यामागे होत्या. “मी वासाची बाई,” असं त्या म्हणायच्या, “पंख तडवींचे.”

आणि तडवीभाऊ म्हणजे हुसेन तडवी. केंद्रावरचे सर्वांत जुने तांत्रिक सहायक, यावलकडचे. हाताखालच्या माणसाला वेळ काढून शिकवणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला होता, “पांढुरक्या पंखावर मधोमध हिरवा पट्टा असला की व्हिटेला. सगळा हिरवा असला की इन्सुलाना. दोन दिवसांत हात बसेल.”

माझा दोन महिने बसला नाही. व्हिटेलाचा पट्टा मला गडद पाचरीसारखा दिसायचा, तो ताजा असला तर ओळखायचो. पण सापळ्यात धडपडून पंखांची भुकटी झडलेली असली की दोन्ही सारखेच. मी अंदाजाने टाकायचो. भाऊ दोन-चार परत काढून म्हणायचे, “घाई करू नकोस.” त्यांना ती घाई वाटायची.

असं फार दिवस चालणार नव्हतं. मग मी फेकायचे पतंग आगपेटीत भरून ठेवायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत भाऊंचं भिंग मागून घ्यायचो आणि गोदामामागच्या ओट्यावर बसायचो. वहीत पेन्सिलीने एकेक पंख काढायचा, रंगाचं नाव काढायचं नाही. सुरुवातीला पंखावर काही दिसायचंच नाही. मग एकदा पतंगाखालचा कागद उचलताना तो तिरका झाला, ऊन कडेने आलं, आणि इन्सुलानाच्या पंखावर रेघा उठून आल्या. तीन. खांद्याजवळची लहान, मधली तिरकी जाणारी आणि कडेजवळची नागमोडी. उजेड समोरून असला की त्या नाहीशा व्हायच्या, कडेने आला की परत दिसायच्या. व्हिटेलाला त्या नव्हत्या. तिथे पाचर होती. भुकटी झडली तरी पाचरीची वरची कड बहुतेक वेळा शिल्लक राहायची.

पुढच्या चार महिन्यांत मी शेकडो पंख काढले. दिवाळीपर्यंत भाऊंना माझे परत काढावे लागत नव्हते. “म्हटलं नव्हतं, हात बसेल म्हणून?” असं ते खुशीत म्हणाले. मी कसं ओळखतो ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर मला शेतातल्या फेरीवर लावलं. सापळ्यांच्या पिशव्या सायकलवरून गोळा करून आणायच्या, मोजणी भाऊ करणार. एरवी सापळे दिवाळीला उतरवायचे, त्या वर्षी पहिल्यांदाच थंडीतही ठेवले होते. आणि त्याच दोन महिन्यांत मॅडमचा प्रयोग बिघडायला लागला. इन्सुलानाच्या सापळ्यात इन्सुलाना कमी कमी होत गेले. त्यांच्या जागी कुणी भलतेच पतंग पडायला लागले, ते भाऊ अनोळखी म्हणून रजिस्टरात मांडायचे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इन्सुलाना अकरा आणि अनोळखी एकशे चाळीस. म्हणजे वास भलत्यालाच बोलावत होता. विद्यापीठातून डॉ. गणोरकर नावाचे कीटकशास्त्राचे जाणकार तपासणीला यायचे होते. असे आकडे बघितल्यावर ते प्रयोग बंद करतील यात कुणाला शंका नव्हती. प्रयोग बंद म्हणजे मॅडमची तीन वर्षं वाया, आणि आम्ही रोजंदारीची चार माणसं घरी.

ढीग वाढला म्हणून भाऊंनी मला परत टेबलावर बोलावलं, आणि पहिल्याच दिवशी मी ते बोललो.

आता मॅडम हात पुसत जवळ आल्या होत्या.

“वासुदेव, तुम्हांला रंग दिसत नाहीत?”

“तांबडा-हिरवा कळत नाही, मॅडम. म्हणूनच रेल्वेत नाकारलं मला.” एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबवेना. “मी कामावर लागताना सांगितलं नाही ही माझी चूक आहे. उद्यापासून येऊ नको म्हणालात तर येणार नाही. पण हे दोघे एकच आहेत.”

तडवीभाऊंचा चेहरा उतरला होता. “सहा महिने मी तुझ्याकडून मोजणी करून घेतली,” ते म्हणाले. “आता त्या सगळ्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवायचा?”

“भाऊ, पावसाळ्यात तुम्हीच तपासलीत की सगळी.”

ते खरं होतं.

मी खिशातून वही काढून मॅडमपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. पंख, पंख, पंख. प्रत्येकाखाली तारीख आणि सापळ्याचा नंबर. मग त्यांनी भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन तो वाळल्या गवताच्या रंगाचा पतंग पाहिला. बराच वेळ पाहिला.

“कागद जरा तिरका करा,” मी म्हणालो.

त्यांनी केला. “तीन,” त्या म्हणाल्या. मग हिरवा घेतला. “तीन.” मग त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “वास त्यांना बरोबर बोलावतोय. वासाला काय ठाऊक कुणाचा रंग कोणता.”

“मॅडम, हा पोरगा रंगांधळा आहे,” तडवीभाऊ म्हणाले. त्यात आकस नव्हता. खरंच काळजी होती. “गणोरकर साहेबांना आपण काय सांगणार? ज्याला हिरवा कळत नाही त्याने हिरवे ओळखले म्हणून?”

“तेच सांगणार,” मॅडम म्हणाल्या.

गणोरकर साहेब बावीस तारखेला आले. बारीक, उंच, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले. त्यांनी मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, माझी वही पाहिली, आणि मला विचारलं, “किती शिकलायस?”

“बारावी, सर.”

“वहीवर माझा विश्वास बसत नाही आणि अविश्वासही वाटत नाही. आपण करून बघू.”

त्यांनी व्हिटेला आणि इन्सुलाना, दोन्हींच्या वासाच्या सापळ्यांतले पतंग एकत्र करायला लावले. हिरवे, वाळल्या गवताच्या रंगाचे, पट्ट्याचे, पट्टा उडालेले. त्यातले शंभर स्वतः निवडले, कुठला पतंग कुठल्या सापळ्यातला ते एका कागदावर लिहून खिशात घातलं. प्रत्येक पतंगाखाली फक्त नंबर. पतंगाच्या पोटाच्या टोकाशी नराचा जो अवयव असतो, त्याची ठेवण प्रत्येक जातीची वेगळी असते. तिथे रंगाचा संबंधच येत नाही. आम्ही ओळखून झाल्यावर ते प्रत्येकाचा तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार होते.

“मीही ओळखतो,” तडवीभाऊ म्हणाले. “माझ्या पद्धतीने. माझीही परीक्षा होऊ द्या.”

गणोरकर साहेबांनी मान हलवली. नंबर तेच, पतंग तेच. आधी भाऊ बसले. तासाभरात त्यांचे तीन ढीग झाले. व्हिटेला, इन्सुलाना आणि अनोळखी. साहेबांनी नंबर टिपून घेतले आणि पतंग परत मिसळले.

मग मी बसलो. ट्रे खिडकीकडे ओढला, सकाळचं ऊन डावीकडून येईल असा. पहिले दहा-बारा होईपर्यंत मी प्रत्येक पतंग दोनदा पाहत होतो. मागे चौघे उभे होते, कुणी खोकलं तरी मला ऐकू येत होतं. पण नंतर मागचं सगळं पुसट झालं. पाचर. रेघा. रेघा. पाचरीची कड. रेघा, मधली तुटलेली पण शेवटची नागमोडी शाबूत. जे इतके महिने ओट्यावर चोरून केलं होतं तेच मी उघड्यावर, खुर्चीत बसून करत होतो, आणि खोटं नाही सांगत, मला मजा येत होती.

सत्तेचाळिसाव्या नंबराला अडलो. पंखावर भुकटीच उरली नव्हती. भिंगातून पाहिलं, कागद फिरवला, ट्रे फिरवला. शेवटी तो बाजूला ठेवला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“याचं सांगता येत नाही, सर.”

“अंदाज?”

“अंदाज नाही करत.”

असे पाच निघाले. बाकी पंच्याण्णवांचे दोन ढीग. अनोळखी एकही नाही.

साहेब तीन दिवस सूक्ष्मदर्शकापाशी बसून होते. मधे चहा नेऊन द्यायला मी जायचो तेव्हा ते मान वर करायचे नाहीत, आणि विचारायचा मला धीर नव्हता. त्या तीन दिवसांत तडवीभाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी डबा उघडताना मात्र त्यांनी माझ्यापुढे कळण्याची भाकरी सरकवली आणि म्हणाले, “मला सांगायचं होतंस रे. मी काय हाकललं असतं तुला?”

“भीती वाटली, भाऊ.”

“हं,” ते म्हणाले, आणि ठेचाही सरकवला.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. हातात कागद होता. तो त्यांनी मॅडमकडे न देता तडवीभाऊंकडे दिला. “तुम्ही वाचा.”

भाऊंनी चष्मा लावला. आधी स्वतःचे आकडे वाचले, आवाज न बदलता. शंभरातले छप्पन्न बरोबर. अनोळखी म्हणून काढलेले चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस इन्सुलाना. मग बोट खालच्या ओळीवर नेलं.

“वासुदेव फेगडे,” त्यांनी वाचलं. “ओळखले पंच्याण्णव. बरोबर पंच्याण्णव. चूक...” त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, जणू अक्षर लागत नव्हतं. “चूक नाही. एकही नाही.”

मॅडमनी दोन्ही हात तोंडावर धरले. माझ्याबरोबरचे रोजंदारीचे दोघे टाळ्या वाजवायला लागले आणि साहेबांनी त्यांना थांबवलं नाही.

“ही थंडीची गंमत आहे,” गणोरकर साहेब म्हणाले. “थंडी पडली की इन्सुलाना हिरवा रंग सोडतो. जुन्या पुस्तकांत हे लिहिलेलं आहे. मी विद्यार्थी असताना वाचलं होतं आणि साफ विसरलो. त्या चव्वेचाळिसांतला पहिला पतंग कापला तेव्हा आठवलं.” ते माझ्याकडे वळले. “आम्हां सगळ्यांना रंग दिसतो, म्हणून आम्ही त्याच्यापाशीच थांबलो. तू पुढे गेलास.”

“माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता, सर.”

“ते पाच बाजूला का ठेवलेस? निम्मे तरी बरोबर आले असते.”

“निम्मे चुकलेही असते.”

ते हसले, आणि मॅडमना म्हणाले, “प्रयोग चालू राहील. आणि या माणसाला रोजंदारीवर ठेवू नका, कायम करा.”

त्या दुपारी तडवीभाऊंनी नोव्हेंबरपासूनचं रजिस्टर काढलं. ‘अनोळखी’ या शब्दावर पट्टी धरून ते एकेक रेघ मारत गेले आणि वर ‘इन्सुलाना’ लिहीत गेले. प्रत्येक दुरुस्तीपाशी त्यांनी स्वतःची सही केली. मॅडम बेरजा करत होत्या. संध्याकाळी त्यांनी नवा आलेख काढून भिंतीला लावला. दिवाळीपासून खाली कोसळलेली रेघ आता वर चढत गेली होती, अगदी जानेवारीपर्यंत. केंद्रावरचं एकूण एक माणूस ती बघून गेलं, माळीसुद्धा.

मी घरी पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसून बूट पुसत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची नागपूरकडे ड्युटी होती. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाऊंनी हिरवा कुठला विचारलं, तिथपासून. तो विषय दोन वर्षांत आमच्यात पहिल्यांदा निघत होता. अण्णांचा हात थांबला, पण त्यांनी मधे अडवलं नाही.

“किती चुकले म्हणालास?”

“एकही नाही. पाच बाजूला ठेवले.”

“बाजूले कायले ठेवले?”

“दिसतच नव्हतं, अण्णा. अंदाजाने कसं सांगायचं?”

त्यांनी बूट खाली ठेवला. “धुक्यात सिग्नल दिसला नाही, तर आम्ही काय करतो, माहीत आहे तुले?”

“नाही.”

“तो लाल आहे असं धरून गाडी उभी करतो. हिरवा असेल, जाऊ दे, असं म्हणणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांची गत काय झाली तेही पाहिलंय.” त्यांनी फडकं झटकून बाजूला ठेवलं. “बरं केलंस,” ते म्हणाले. मग हात पुढे केला. “ते चित्र दाखव. मले तरी कळू दे काय बघतोस ते.”

मी वही दिली. त्यांनी खिशातला चष्मा काढला, वही दिव्याखाली धरली, तिरकी केली, परत सरळ केली. पंखावरून बोट फिरवत पुटपुटत मोजलं. मग मला न विचारता ते पान अलगद फाडलं, घडी घातली आणि ड्युटीच्या पेटीत, कामाच्या कागदांबरोबर ठेवलं.

तीन दिवसांनी ते परत आले. आई पाणी घेऊन दारात गेली, तर तिच्या हातचा तांब्या घ्यायच्या आधी त्यांनी मला हाक मारली.

“वासुदेव, रनिंग रूममध्ये मुक्कामाला असलेल्या सगळ्या ड्रायव्हर-गार्डांना दाखवलं मी. माझ्या पोराला हिरवा रंग कळत नाही, तरी त्याने साहेबांना कशी चूक दाखवली, ते सांगितलं.” ते तांब्या घेऊन घटाघट पाणी प्यायले आणि मिशा पुसल्या. “अकोल्याचा गार्ड म्हणत होता, दोनच रेघा आहेत. मी म्हटलं, नीट मोज.”